वरुणाचे हेर

ऋग्वेदातला वरुण एकटा बसत नाही. पहिल्या मंडलात शुनःशेपाच्या नावे असलेल्या सूक्तात तो सोनेरी वस्त्र लेऊन बसला आहे आणि त्याच्या सभोवती त्याचे हेर बसले आहेत. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातले सूक्त याहून पुढे जाते. दोघे जण कुठे कुजबुजत बसले तरी तिसरा वरुण तिथे असतोच, आणि त्याचे हजार डोळ्यांचे हेर सारी पृथ्वी न्याहाळत असतात, असे ते सांगते. हाच देव पुढे पाण्याचा आणि समुद्राचा धनी झाला. तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभी त्याच्याकडे जी कृपा मागितली आहे, तिच्यावरूनच भारतीय नौदलाने आपले बोधवाक्य घेतले. समुद्र आणि हेरखाते एकाच देवाकडे असावे, हा योगायोग मला विचारात पाडतो, कारण आधुनिक काळातही गुप्तवार्तेची सूत्रे पुष्कळदा आरमारी माणसांच्या हाती गेलेली दिसतात. वरुणाचे हेर मात्र कुणाला फसवत नाहीत. ते पाहतात, आणि पाहिलेले धन्याला सांगतात. माणसांच्या हेरखात्याचे तसे नाही. तिथे खोटी नावे असतात, खोटे परवाने असतात, खोट्या बातम्याही पेरलेल्या असतात. ज्याचा धंदाच लपवण्याचा आणि फसवण्याचा आहे, अशा माणसाला सत्यधर्म पाळता येतो का? येतो, असे माझे मत आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती फार कडक आहे. जगापासून त्याने काहीही लपवावे, पण एक कान असा हवा की जिथे तो सोंग उतरवून सगळे खरे सांगतो. तो कान कुणाचा, यावर बाकीचे सारे ठरते.

उदाहरण दूर शोधायला नको. मोहन नारायणराव सामंत हे पाणबुडीवरचे अधिकारी. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ‘करंज’ ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच होते. दोन वर्षांच्या आत, १९७१ मध्ये, ते दिल्लीत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात एका अशा कामावर होते ज्याचे नाव फक्त ‘एक्स’ एवढेच होते. विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहीर रॉय. तेही मुळात नौदलाच्या विमानदलातले. बांगलादेश मुक्तिसंग्रामातले हे काम सुरू झाले फ्रान्समधून. तुलाँ बंदरात पाकिस्तानी नौदलाची ‘मांग्रो’ ही पाणबुडी ताब्यात घेण्यासाठी आलेल्या खलाशांपैकी काही बंगाली खलाशी मार्चअखेर पळाले आणि त्यांतले आठ जण माद्रिदमार्गे भारतात पोचले. या आठ जणांभोवती प्लासीला भागीरथीच्या काठी एक छावणी उभी राहिली. तिथे चारशेहून अधिक बंगाली तरुणांना पोहण्याचे आणि जहाजाच्या तळाला सुरुंग चिकटवण्याचे शिक्षण मिळाले. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार ठिकाणी एकाच वेळी स्फोट झाले. पोरांना इशारा मिळाला होता आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर लागलेल्या दोन ठरलेल्या गाण्यांवरून. हजारो घरांत ती गाणी लोकांनी नुसती गाणी म्हणून ऐकली असतील.

या साऱ्यात खोटे किती होते ते मोजायला बसले, तर यादी लांबते. भारत त्या वेळी युद्धात नव्हता. युद्ध जाहीर झाले डिसेंबरमध्ये. छावणी अस्तित्वात नाही असेच जगाला दाखवायचे होते. बंदरांतल्या परदेशी व्यापारी जहाजांनाही या मोहिमेची झळ बसली, आणि त्यांवरच्या खलाशांचे या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते. मग १० डिसेंबरला, युद्ध उघड झाल्यानंतर, सामंतांच्या नेतृत्वाखाली ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पनवेल’ ही छोटी जहाजे खुलन्याकडे जात असताना आपल्याच विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ गेली. बांगलादेश ज्याला वीरश्रेष्ठ मानतो तो रुहुल अमीन त्याच दिवशी मरण पावला. सामंतांनी ‘पनवेल’वरून पाण्यातली माणसे वाचवली आणि मोहीम पुढे नेली; त्यांना महावीर चक्र मिळाले. म्हणजे गुप्त मोहिमेतला मोठा घात शत्रूने केलाच नाही. आपलीच आपल्याला ओळख पटली नाही, त्यातून तो झाला. ज्याला धर्माचा प्रश्न विचारायचा आहे, त्याने पदक आणि घात दोन्ही एकाच वहीत मांडले पाहिजेत.

आता पहिला आक्षेप. खोटे ते खोटे. आत खरे, बाहेर खोटे अशी वाटणी म्हणजे सोयीची पळवाट आहे. हा आक्षेप कांटने १७९७ साली एका छोट्या लेखात टोकाला नेला. खुनी दारात येऊन विचारतो आहे की तुझा मित्र घरात लपला आहे का, तरीही खोटे बोलू नये, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे कर्णपर्वात नेमका हाच प्रसंग आहे, पण निकाल उलटा लागतो. कौशिक नावाचा ब्राह्मण सत्याचे व्रत घेऊन बसलेला. चोरांच्या भीतीने रानात लपलेली माणसे कुठे गेली हे तो चोरांना खरे सांगतो, ती माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही अर्जुन प्रतिज्ञेच्या हट्टापायी युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघाला असताना. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात सत्य आणि अहिंसा यांचे अपवाद तपासले, ते याच परंपरेत उभे राहून. इथे एक सावधगिरी हवी. कौशिकाची गोष्ट खोटे बोलण्याचा सरसकट परवाना देत नाही. चोरांना सत्य मागण्याचा अधिकारच नव्हता, एवढेच ती सांगते. सत्य हे कुणालातरी देणे असते, आणि ज्याचे ते देणे नाही त्याच्यापासून ते राखून ठेवले तर सत्याचा भंग होत नाही. १९७१ मध्ये चितगाव बंदरातल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला ‘एक्स’ विभागाचे सत्य देणे नव्हते. परदेशी जहाजावरच्या खलाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला सत्य देणे नव्हते असे म्हणता येईल; त्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार त्यातून येत नाही. ही बाकी उरते, आणि ती उरतेच असे मान्य करणे हे मला तिचे समर्थन शोधण्याहून प्रामाणिक वाटते.

कौटिल्याइतका फसवणुकीचा पुरस्कर्ता क्वचितच झाला असेल. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात त्याने हेरांची जी जंत्री दिली आहे तिच्यात विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, जटाधारी तापस, भिक्षुणी आणि विष घालणारे असे सगळे बसतात. पण त्याच जागी तो सांगतो की एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी धरावी, आणि पुन्हापुन्हा चुकीची बातमी देणाऱ्याला गुपचूप शिक्षा करावी. बाहेर वाटेल ते सोंग चालेल, पण राजाच्या कानाशी खोटे चालणार नाही. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात वनेचर हा हेर युधिष्ठिराला दुर्योधनाच्या राज्याची बातमी सांगायला येतो. बातमी वाईट आहे, कारण दुर्योधन राज्य चांगले चालवतो आहे. वनेचर ती गोड करत नाही. राजे हेरांच्या डोळ्यांनी पाहतात, तेव्हा सेवकाने त्यांना फसवू नये, अशी त्याची भूमिका आहे. पुढे भीम आणि द्रौपदी जे संतापतात त्याला आधार आहे तो या खऱ्या बातमीचा. हेराचे काम मुळात पाहण्याचे आहे, सोंग हे त्या पाहण्याचे साधन. साधनच काम होऊन बसले आणि धन्यालाही सोंगच दाखवले जाऊ लागले, की डोळा फुटला. अशा फुटक्या डोळ्यांनी गेल्या शतकात किती राज्ये खड्ड्यात गेली, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

दुसरा आक्षेप मला पहिल्याहून जड वाटतो, आणि तो नाशिकच्या भूमीवर उभा आहे. पंचवटीत रावण आला तो भगव्या वस्त्रांत, भिक्षा मागत. सीतेने रेषा ओलांडली की नाही हा नंतरच्या कथांचा वाद. वाल्मीकीत ती अतिथी म्हणून त्याचे स्वागत करते, आसन देते, पाय धुवायला पाणी देते. ब्राह्मण अतिथीला विन्मुख पाठवले तर तो शाप देईल, अशीही भीती तिला आहे. रावणाने घेतलेला वेष आणि कौटिल्याच्या यादीतला तापस हेर यांत फरक काय? दोन्हीकडे भक्षण होते ते एकाच गोष्टीचे, दारात आलेल्या संन्याशावर ठेवलेल्या विश्वासाचे. हा विश्वास रावणाच्या आणि सीतेच्या मधला खाजगी मामला नव्हता. तो साऱ्या समाजाचा साठा होता, आणि त्यातून चोरी झाली की नंतर येणाऱ्या प्रत्येक खऱ्या भिक्षेकऱ्याला तिची भरपाई करावी लागते. रामकुंडावर दर बारा वर्षांनी सिंहस्थाला साधूंचे आखाडे येतात तेव्हा आजही नाशिकचे लोक अनोळखी माणसाच्या पाया पडतात. हा साठा अजून शिल्लक आहे, म्हणूनच त्यावर डल्ला मारण्याचा मोहही शिल्लक आहे. याचा पुरावा आपल्या काळातला आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये कावीळ प्रतिबंधक लसीकरणाचे सोंग रचले. पाकिस्तानात लस टोचायला येणाऱ्यांवरचा संशय आधीही होता. या प्रकरणाने त्याला खतपाणी मिळाले आणि पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याची झळ सोसावी लागली. २०१४ मध्ये अमेरिकेला जाहीर करावे लागले की यापुढे लसीकरणाचा वापर हेरगिरीसाठी होणार नाही. तेव्हा माझ्या अटीला इथे एक मर्यादा जोडावी लागते. जे सोंग शत्रूची नजर चुकवते ते एक. जे सोंग निरपराध माणसाच्या श्रद्धेवर किंवा उपकारावर जगते ते दुसरे. कलकत्ता केंद्रावरच्या दोन गाण्यांनी कुणाची श्रद्धा लुटली नाही. कौटिल्याचा जटाधारी ती लुटतो, आणि तिथे कौटिल्य चुकला असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आणि धनीच रावण असेल तर? या प्रश्नाला सर्वांत मोठे ऐतिहासिक उदाहरण जर्मन आहे. विल्हेल्म कानारिस हा कैसरच्या आरमारातला अधिकारी. पहिल्या महायुद्धात त्याची ‘ड्रेस्डेन’ ही युद्धनौका चिलीजवळच्या बेटांपाशी बुडाली, तो स्थानबद्ध झाला, तिथून निसटला आणि रीड रोसास नावाच्या चिलीच्या नागरिकाच्या परवान्यावर अर्धे जग ओलांडून घरी पोचला. १ जानेवारी १९३५ रोजी तो जर्मन लष्करी गुप्तवार्तेचा, म्हणजे आबवेअरचा प्रमुख झाला. सुरुवातीला हिटलरला त्याचा विरोध नव्हता. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याच्या खात्याने पोलिश गणवेश पुरवले, आणि ते ग्लायवित्सच्या त्या बनावट हल्ल्यासाठी वापरले गेले ज्याच्या आडून पोलंडवर चढाई झाली. १२ सप्टेंबरला त्याने जर्मन सेनेच्या वरिष्ठ कमानीचा प्रमुख कायटेल याच्यापुढे पोलंडमधल्या हत्यांचा निषेध केला. हे दोन्ही आपल्याला कळते ते त्याचा सहकारी लाहूझेन याने न्यूरेंबर्गच्या खटल्यात दिलेल्या साक्षीमुळे. मारीचाची कथा जवळजवळ हीच आहे. रावण त्याच्याकडे आला तेव्हा मारीचाने त्याला कळवळून समजावले. राजाला गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, कटू पण हिताचे बोलणारा आणि ऐकणारा दुर्मीळ, असे सुनावलेही. मग धमकी आल्यावर त्याने सोन्याचे हरीण व्हायचे कबूल केले आणि ते हरीण पंचवटीत चरू लागले. त्याचा सल्ला वाल्मीकीने जपून ठेवला. इतिहासावर परिणाम झाला तो त्याच्या सोंगाचा.

कानारिसच्या बाजूने बोलण्यासारखे थोडे नाही. १९४२ मध्ये त्याच्या खात्याने चौदा जणांना, त्यांतले बहुतेक ज्यू, हेर म्हणून दाखवून स्वित्झर्लंडला पोचवले. दीट्रिख बोनहॉफर हा धर्मचिंतक त्याच खात्याच्या आडोशाला काम करत होता, आणि तुरुंगात असताना सत्य बोलणे म्हणजे काय यावर त्याने जे लिहिले ते आपल्या कौशिकाच्या कथेच्या फार जवळचे आहे. वर्गात शिक्षकाने मुलाला सगळ्यांपुढे विचारले की तुझा बाप दारू पितो का, आणि मुलाने खोटेच नाही म्हटले, तर त्या नकारात सत्याचाच अंश आहे, असे तो मांडतो. मग कोणी म्हणेल की कानारिसने बिभीषणासारखे लंका सोडायला हवी होती हे म्हणणे सोपे आहे. तो गेला असता तर ते चौदा जण वाचलेच नसते. खरे आहे. मी ते नाकारत नाही. पण त्याच खुर्चीवरून गणवेशही गेले, व्याप्त देशांतल्या लोकांना रात्रीतून नाहीसे करण्याच्या हुकुमांना त्याच यंत्रणेचे हात लागले. आणि माझ्या दृष्टीने याहून मोठी अडचण अशी की हिटलरला तो खरे सांगत नव्हता, हिटलरविरुद्धच्या कटात सामील असलेल्यांचाही तो पूर्णपणे कधी झाला नाही, आणि दोन दगडांवर पाय ठेवून तो नऊ वर्षे उभा राहिला. त्याचाच साहाय्यक हान्स ओस्टर याने मात्र कान बदलला. पश्चिमेकडच्या आक्रमणाची तारीख त्याने हॉलंडच्या लष्करी प्रतिनिधीला कळवली. आपल्या देशाचे सैनिक त्यामुळे मरू शकतात हे त्याला ठाऊक होते, आणि त्या जबाबदारीपासून तो पळाला नाही. ओस्टरला देशद्रोही म्हणणारे आजही भेटतील. बिभीषणालाही आपल्या म्हणीत घरभेदी ठरवले गेलेच आहे. तरी ज्या धन्याचा सत्यावरचा हक्क संपला त्याच्या कानातून ते काढून दुसऱ्याच्या कानी घालणे आणि सगळ्यांनाच अर्धे अर्धे वाटत राहणे, या दोहोंत मला पहिले धर्माला जवळचे वाटते. कानारिस, ओस्टर आणि बोनहॉफर या तिघांनाही ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसनबुर्गच्या छावणीत फाशी दिली गेली. त्याआधी काही दिवस कानारिसच्या खाजगी डायऱ्या नाझींच्या हाती लागल्या होत्या. ज्या कागदाला त्याने पूर्ण खरे सांगितले होते, त्यानेच त्याचा घात केला, आणि त्या डायऱ्या पुढे कुणाच्या वाचनात आल्या नाहीत.

यावर एक शेवटचा प्रश्न राहतो. धनी चांगला असला आणि हेराने त्याला निर्भेळ सत्य सांगितले, की धर्म सिद्ध झाला का? रावणाच्या शुक आणि सारण या हेरांनी रामाच्या सैन्याचे बळ खरेखुरे सांगितले तेव्हा रावणाने त्यांना हाकलून दिले. तो वाईट धनी, त्याचे सोपे आहे. अवघड गोष्ट भवभूतीने घेतली. विदर्भातल्या पद्मपूरच्या या नाटककाराच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात दुर्मुख नावाचा हेर रामाकडे येतो. लोक काय म्हणतात ते जाणून घ्यायला रामानेच त्याला नेमले आहे. सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपली आहे. असली बातमी सांगावी कशी, या विचाराने दुर्मुख आधी घुटमळतो, आपल्या वाट्याला हेच काम आले आहे असे स्वतःला बजावतो आणि सीतेविषयीचा लोकापवाद रामाच्या कानात सांगतो. त्याने काहीही लपवले नाही, काहीही वाढवले नाही. हेराचा धर्म म्हणून पाहिले तर दुर्मुख निर्दोष आहे. चूक होते ती त्याच्यानंतर. लोक असे बोलतात ही बातमी खरी आहे. लोक जे बोलतात ते खरे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि राम तो विचारतच नाही. गुरू आणि वडीलधारे त्या वेळी अयोध्येत नाहीत, कुणाशी सल्लामसलत होत नाही, जिच्याविषयी बातमी आहे ती तिथेच झोपली आहे तरी तिला काही विचारले जात नाही. कौटिल्याची तीन हेरांची चाळणी बातमी खरी आहे की नाही एवढेच पाहते. तिच्यावर निकाल द्यायचा कसा, यासाठी दुसरी चाळणी लागते, ती राजाजवळ नाही. म्हणूनच आजच्या गुप्तवार्ता प्रमुखाविषयी बोलताना तो धन्याशी खरा आहे का एवढ्यावर थांबून चालत नाही. धन्यालाही कुणासमोर उभे राहावे लागते का, त्याने ऐकलेल्या कानगोष्टीवर दुसरा कुणी प्रश्न विचारू शकतो का, संसद असो, न्यायालय असो, की पुढे उघडले जाणारे दप्तर असो, हे पाहावे लागते. बहिर्जी नाइकांविषयी दंतकथा पोतेभर आणि समकालीन कागद मूठभर, म्हणून शिवरायांच्या या हेराच्या धर्माचा विचार आपण फक्त भक्तीने करू शकतो, तपासून नाही. सामंतांच्या ‘एक्स’ची हकीकत मात्र पुस्तकरूपाने आली, पत्रकार संदीप उन्नीथन यांच्या साथीने लिहिलेली, २०१९ साली, आणि सामंत मुंबईत वारले तेही त्याच वर्षी. अठ्ठेचाळीस वर्षे फार झाली असे मला वाटते. परदेशी जहाजांवरच्या त्या खलाशांची बाजू मांडायला तोवर किती जण हयात उरले असतील? दुर्मुखाच्या एका कानगोष्टीचा हिशेब भवभूतीच्या नाटकात बारा वर्षांनी होतो. तिसऱ्या अंकात राम परत जनस्थानात, पंचवटीच्या त्याच झाडांमध्ये येतो आणि मूर्च्छित पडतो. सीता शेजारीच असते, भागीरथीच्या वराने अदृश्य. तिच्या स्पर्शाने तो सावध होतो, पण ती त्याला दिसत नाही. आणि त्याला जाब विचारण्याचे काम वनदेवता वासंतीला करावे लागते.